हललेला फोटो

लेहला पोस्टिंग असताना आऊटपास काढून दोन दिवस हेमिसला गेलो होतो. लेहपासून चाळीसेक किलोमीटरवरचा हा गोंपा. तिबेटी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दशमीला इथे गुरू पद्मसंभवांचा उत्सव असतो आणि अंगणात लामा मुखवटे घालून छाम नाचतात. पहिल्या दिवशी मी शटर 1/1000 वर ठेवून दणादण फोटो काढले. रात्री पाहिले तर एकेक धागा स्पष्ट, पण नाच गायब! एका पायावर उभा असलेला तो लामा कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शटर 1/15 च्या आसपास आणलं. लडाखच्या उन्हात हे सोपं नाही. आयएसओ 100 आणि एफ/16 ठेवलं तरी शटर 1/100 च्या घरातच राहतं. म्हणून भिंगावर प्रकाश एक अष्टमांश करणारा एनडी फिल्टर चढवला. मग मात्र मजा आली. गिरकी घेताना मुखवटा क्षणभर ठरतो आणि बाह्या, झगे रंगांचे पट्टे होऊन पसरतात. शंभरात चार-पाचच फोटो जमले, ते सोडा.

ते पाहून आमच्याकडचे लोक म्हणतात, "अहो, फोटो हललाय की!" हललाय नाही, हलवलाय. अर्न्स्ट हास यांनी 1956 साली पाम्प्लोनात बैलझुंजीचे रंगीत फोटो असेच काढले होते. संगणकावर नंतर धूसरपणा फासायला मात्र माझा विरोध आहे. कापडाची प्रत्येक घडी वेगळ्या वेगाने फिरते, ते त्या यंत्राला कुठून कळणार?

माजी सैनिकांना तर हे शिकवायलाच नको. धावत्या घोड्याचा किंवा सायकलचा फोटो काढताना पाय रोवायचे, कंबरेतून वळायचं, लक्ष्याबरोबर नजर न्यायची, श्वास धरायचा, अलगद बटण दाबायचं आणि खटका वाजला तरी वळणं थांबवायचं नाही. फायरिंग रेंजवर उस्तादांनी दुसरं काय शिकवलं? मग स्वार स्पष्ट येतो, मागची झाडं वाहून जातात.

पण एक चूक माझीही सांगतो. आमचा एक गढवाली हवालदार पेन्शनवर चालला होता. निरोपाच्या बडाखान्यात तो बेभान नाचला. मी 1/8 वर फोटो काढला, आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. हौसेने प्रिंट काढून दिला. त्याने तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "साब, इसमें मैं कौन-सा हूँ?"

चोवीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा फोटो, आणि त्यात चेहराच नाही. त्याला घरी दाखवायचं होतं. माझी हौस भागली, पण ते त्याच्या काय कामाचं? ज्याला ओळखलं जायचंय त्याला धूसर करायचा हक्क आपल्याला नाही, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं. लामाचा चेहरा मुखवट्याआडच असतो, तिथली गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वर्दीत, पदकं लावून सावलीत उभं केलं. शटर 1/250. तो फोटो आता पौडीकडे त्याच्या घरात लागलाय. हललेला माझ्याकडे आहे.