औषधाची मात्रा समजणे हाही आमचा हक्कच!

डॉक्टर लिहितो, मेडिकलवाला देतो आणि आई पाजते. या साखळीत सर्वात कमी माहिती असते ती आईला, आणि चूक झाली की दोष येतो तोही तिच्याच माथी. ‘अडाणी बाई, जास्त पाजले’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. आम्हाला हे मान्य नाही.

तापावरचे पॅरासिटामॉलच घ्या. लहान मुलांसाठी एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम, तर थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम या हिशेबाने १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागते. म्हणजे पहिल्या बाटलीतून सुमारे ६ मिली, दुसरीतून ३ मिली आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड मिली. पहिल्या बाटलीची सवय झालेल्या आईने थेंबांच्या बाटलीतून ६ मिली पाजले, तर लेकराच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध जाते. असे वारंवार झाले तर यकृत निकामी होऊ शकते. मिलिग्रॅम म्हणजे औषधाचे वजन आणि मिली म्हणजे पातळ औषधाचे माप, एवढा फरक तिला कोणी सांगितला होता काय? ‘एक चमचा द्या’ म्हणतात. औषधाचा चमचा ५ मिलीचा. घरातले चमचे लहानमोठे.

इन्सुलिनचेही तेच. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचे आणि पेनमधले १०० युनिटचे असते. सिरिंजही वेगवेगळ्या. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो.

लिहिण्याची पद्धतही जीवावर बेतते. ०.५ ऐवजी नुसते .५ लिहिले आणि टिंब पुसट उमटले की ५ होतात. ५.० चे ५० वाचले जातात. युनिटसाठी काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि मात्रा दहापट होते.

आमच्या जालना जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या टोळ्या लेकराबाळांसह बाहेर पडतात. औषधाची पिशवी सोबत जाते, चिठ्ठी वाचून सांगणारा माणूस सोबत जात नाही. कोपीवर रात्री मूल तापले तर विचारायचे कोणाला?

कायदा काय म्हणतो? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम ६५ नुसार, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत अशा औषधांच्या चिठ्ठीवर एकूण औषध किती आणि मात्रा किती, हे लिहावेच लागते. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्यास सांगितले. २०२५ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. परंतु सुवाच्य इंग्रजी म्हणजे समजणारी चिठ्ठी नव्हे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी सुंदर अक्षर आणि गिचमिड अक्षर सारखेच.

सरकारी दवाखान्यांत गर्दी फार, डॉक्टर कमी, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमची मागणी साधी आहे. प्रत्येक बाटलीवर आणि पाकिटावर मराठीत तीनच गोष्टी लिहा: एका वेळी किती मिली किंवा किती गोळ्या, दिवसातून किती वेळा, किती दिवस. लहान मुलांच्या औषधासोबत मिलीच्या खुणांचे माप द्या. यासाठी नवा कायदा लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

कार्यकर्त्यांनीही हातावर हात ठेवून बसू नये. विहारात, महिला मंडळात एक रविवार यासाठी द्यावा. घरातल्या औषधाच्या बाटल्या आणायला सांगाव्यात, लेबल वाचून दाखवावे, मोजून दाखवावे. आणि मेडिकलच्या काउंटरवर आपल्या माणसाने न लाजता विचारावे, ‘किती मिली द्यायचे? मराठीत लिहून द्या.’