पाटीवरची तिसरी ओळ

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जगलबेटच्या फाट्यावर कोल्हापूरकडची एक मोटार थांबली होती. नवरा-बायको, दोन मुले आणि मागच्या आसनावर एक आजीबाई. त्यांना दांडेलीला जायचे होते. निदान त्यांची तशी समजूत होती. राहण्याचे आरक्षण दांडेलीचे म्हणून केलेले; जागा मात्र गणेशगुडीजवळची, म्हणजे जोयडा तालुक्यातली. रानात शिरल्यावर मोबाइलचा संपर्क तुटला आणि पडद्यावरचा नकाशा जागच्या जागी थिजला. समोरच्या पाटीवर कानडी अक्षरे होती, त्याखाली बारीक इंग्रजी. मी त्यांना वाट सांगत असताना आजीबाई म्हणाल्या, "पाटीवर आपलं अक्षर कुठंच कसं नाही हो? मला वाचता आलं असतं."

त्याच फाट्यावर बसची वाट पाहत आमच्याकडची एक कुणबी म्हातारी उभी होती. बस आली तशी तिने मला विचारले, "ही खंयची गाडी?" जन्मभर याच रस्त्याने ये-जा केलेल्या त्या बाईला गाडी कुठे जाणार हे दर खेपेला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. एक पाहुणी, एक घरची. दोघींची अडचण मात्र एकच होती. त्या दिवसापासून मनात घोळत असलेला विचार आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

परक्या मुलखात माणूस फिरतो तो नावांच्या आधाराने. नाव वाचता आले पाहिजे, उच्चारता आले पाहिजे आणि उच्चारलेले नाव तिथल्या माणसाला ओळखता आले पाहिजे. या तीन गोष्टी जमल्या की प्रवासी निर्धास्त होतो. जोयड्यात नेमक्या याच तीन गोष्टी तुटलेल्या आहेत. पर्यटक येथे लोंढ्याहून रामनगरमार्गे येतात, गोव्याहून अनमोडचा घाट चढून येतात, कारवारहून कद्रा आणि अणशीचा घाट ओलांडून येतात. महाराष्ट्र आणि गोवा येथून येणाऱ्यांची संख्या यात लहान नाही. काळी नदीतले रॅफ्टिंग, सुप्याचा जलाशय, सिंथेरीचा कडा, कवळ्याची गुहा, उळवीचे चन्नबसवेश्वर देवस्थान ही सारी स्थळे जोयडा तालुक्यात आहेत. जाहिरातीत मात्र यांतले पुष्कळसे 'दांडेली' या एका नावाखाली विकले जाते. घरी परतलेल्या पाहुण्याला आपण जोयड्यात राहून आलो हे ठाऊकही नसते.

रोमन लिपीने या नावांचे काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अक्षरांत 'ळ' नाही, 'ण' नाही, 'ड' आणि 'द' यांतला भेद नाही. त्यामुळे उळवीची 'उलवी' होते, अणशीची 'अंशी' होते, हल्याळचे 'हलियाल' होते आणि जोयड्याचा 'जोइदा'. काळी नदीची 'काली' झाली, आणि मग पाहुण्यांना ती थेट देवीचे नाव वाटू लागली. या नदीला सुप्याजवळ येऊन मिळणाऱ्या नदीचे नाव पांढरी आहे. काळी आणि पांढरी! ही जोडी कानावर पडताच मराठी आणि कोकणी माणसाच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू येते. रोमन पाटी वाचणाऱ्याच्या वाट्याला ते हसू येत नाही.

येथे एक गोष्ट आपल्या लोकांनीही नीट ध्यानात घ्यावी. कानडी लिपीत 'ळ' आहे, 'ण' आहे, 'ड' आहे. कानडी पाटीवरची उळवी ही अचूक उळवीच असते. नावांची मोडतोड कानडीने केलेली नाही. तेव्हा कानडी पाटी पुसा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. कर्नाटक राज्यात कानडी अक्षर सर्वांत वर आणि सर्वांत मोठे असावे, हे त्या राज्याचे धोरण आहे. २०२४ च्या दुरुस्तीने नामफलकांवर साठ टक्के कानडी बंधनकारक झाली. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकानांच्या पाट्यांवर ठळक देवनागरी मराठी सक्तीची केली, तेव्हा आपण तिचे स्वागतच केले होते. एका राज्यात जे योग्य ते दुसऱ्यात अयोग्य कसे ठरेल? उरलेल्या जागेत एक ओळ देवनागरीची असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशी ओळ लिहिल्याने पर्यटक गोंधळतील, पाटीवर गर्दी होईल, असा आक्षेप अधिकारी मंडळी घेतात. त्यांनी भूमध्य समुद्राच्या काठाकडे पाहावे. जगातले सर्वाधिक पर्यटक ज्या शहरांत उतरतात त्यांत बार्सिलोना येते. फ्रँकोच्या राजवटीत तेथली कातालान भाषा सार्वजनिक व्यवहारातून हद्दपार झाली होती. शहरातल्या एका प्रमुख हमरस्त्याला त्या हुकूमशहाचे नाव होते. १९७९ मध्ये ते जाऊन 'आविंगुदा दियागोनाल' हे कातालान नाव आले. आज तेथल्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाला कातालान, इंग्रजी आणि स्पॅनिश अशा तीन भाषांत वाट दाखवली जाते. भुयारी रेल्वेत पुढच्या स्थानकाची घोषणा कातालानमध्ये होते. बाहेर पडण्याच्या दारावर 'सोर्तिदा' असते. त्यालाच स्पॅनिशमध्ये 'सालिदा' म्हणतात. मार्गांना क्रमांक आणि रंग आहेत, त्यामुळे दोन्ही भाषा न जाणणारा माणूसही चुकत नाही. दोन दिवसांत 'कारेर' म्हणजे रस्ता आणि 'प्लासा' म्हणजे चौक हे त्याच्या तोंडी बसते, आणि तीच त्याच्या प्रवासाची आठवण होऊन घरी जाते. १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये इंग्रजी आणि फ्रेंच यांच्या जोडीला स्पॅनिश आणि कातालान, अशा चार अधिकृत भाषा होत्या. चार भाषांमुळे कोणी रस्ता चुकला नाही.

कोणी म्हणेल, कातालान ही तेथली राज्यभाषा आहे. तुमची मराठी-कोकणी तशी कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. म्हणून दुसरे, अधिक जवळचे उदाहरण देतो. इटलीच्या सार्डिनिया बेटावर अल्गेरो नावाचे एक लहानसे बंदर आहे. १३५४ मध्ये आरागॉनच्या राजाने ते जिंकले आणि तेथे कातालान लोक आणून वसवले. पुढे बेट इटलीत गेले, शाळा आणि कचेऱ्या इटालियन झाल्या, तरी घराघरांत कातालान टिकून राहिली. सीमा सरकली, भाषा राहिली. आपल्याला हे नवे नाही. इटलीने १९९९ मध्ये कायदा करून बारा ऐतिहासिक भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण दिले, त्यांत ही कातालानही आहे. अल्गेरोच्या जुन्या गावठाणात रस्त्यांची नावे इटालियन आणि कातालान अशा दोन्ही भाषांत दिसतात. इटलीची एकात्मता त्यामुळे ढासळलेली नाही. उलट 'छोटे बार्सिलोना' म्हणून ते गाव ओळखले जाते आणि ते पाहायला लोक मुद्दाम जातात. दुसरी भाषा लपवण्याऐवजी त्या गावाने ती दारावर लावली आणि तीच त्याची शोभा ठरली.

जोयड्याजवळही असे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता आणि तालुक्याचे नाव सुपे होते. काळी-पांढरीच्या संगमावरचे सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, माणसे रामनगरला आणि इतरत्र उठून गेली, आणि तालुक्याचे ठिकाण जोयडा झाले. एक गाव बुडाले तेव्हा त्याचे नाव तालुक्यावरूनही उतरले. आता ते जलाशयाला तेवढे उरले आहे. बाकीची नावे तरी कोरड्या जमिनीवर आहेत, ती बुडू देऊ नयेत. येथला कुणबी कोकणी बोलतो, रानातला धनगर गवळी मराठीच्या वळणाची बोली बोलतो, सिद्दी माणसाच्या बोलण्यात कोकणी-मराठीची सरमिसळ आढळते. या सर्वांची पोरे शाळेत कानडी शिकतात, आणि ती शिकलीच पाहिजेत. पण त्यांच्या आजीच्या तोंडचे गावाचे नाव रस्त्यावर कोठेच लिहिलेले दिसत नाही, तेव्हा ते नाव लिहिण्याच्या लायकीचे नाही असा धडा ती पोरे न शिकवता शिकतात.

यासाठी नवा कायदा नको. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी निवेदन काढले आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने त्याला दुजोरा दिला. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक पंधरा टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे त्यात ठरले. बसची पाटी ही सामान्य माणसासाठी सर्वांत महत्त्वाची सरकारी सूचना नव्हे काय?

आणि नमुना शोधायला परदेशीही जायला नको. आपल्याच तालुक्यातल्या कॅसलरॉक स्थानकाच्या फलाटावर जा. पिवळ्या फळीवर कानडी, देवनागरी आणि इंग्रजी अशा तीन ओळी शेजारी शेजारी नांदत आहेत. देवनागरीची ओळ तेथे हिंदी म्हणून आली असेल, पण ती वाचतो मराठी माणूस, कोकणी माणूस आणि दिल्लीहून आलेला पाहुणाही. एका ओळीत तीन भाषांचे काम भागते. फलाटावर जे चालते ते फलाटाबाहेरच्या बसस्थानकावर, घाटातल्या वळणावर, व्याघ्र प्रकल्पाच्या नाक्यावर का चालू नये? विशेषतः जेथे मोबाइल मुका होतो त्या रानवाटांवर पाटी हाच एक सोबती उरतो.

ही मागणी एका हाताने करताना दुसरा हात मागे ठेवता येणार नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कानडी बोलणारी माणसे आहेत, कानडी शाळा आहेत. तेथील पाटीवर मराठीखाली कानडीची ओळ असावी, हे आपणच आधी म्हटले पाहिजे. जोयड्यात मागायचे आणि जतमध्ये नाकारायचे, अशाने आपल्या शब्दाला वजन राहणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. ज्यांची घरगुती निवासाची सोय आहे त्यांनी आपल्या फाटकावर गावाचे खरे नाव देवनागरीत लिहावे, जाहिरातीत 'जोयडा' हा शब्द घालावा. पाहुण्याने विचारले तर 'उलवी' ऐकून पुढे न जाता, हसून 'उळवी' म्हणावे. ग्रामपंचायतींनी ठराव करून रस्ते खाते, परिवहन मंडळ आणि वन खाते यांच्याकडे पाठवावेत; त्यांत फक्त एकच ओळ मागावी.

कोल्हापूरच्या त्या आजीबाई पुन्हा येतील की नाही ठाऊक नाही. आमची म्हातारी मात्र येत्या आठवड्याच्या बाजारालाही त्याच फाट्यावर उभी असेल. तिला अक्षर येत नसेल, तर शेजारचा नातू देवनागरी वाचून सांगेल. पण त्यासाठी आधी पाटीवर ते अक्षर हवे.