लस आली, पण वस्तीपर्यंत पोहोचली का?

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात! एके काळी हे शब्द कानावर पडले तरी आईच्या काळजात धस्स होत असे. आजच्या तरुण आयांपैकी अनेकींनी हे आजार डोळ्यांनी पाहिलेलेही नाहीत. हा लसीचा विजय आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु विजयाचे ढोल वाजत असताना आजही जी मुले न्यूमोनियाने, मेंदूच्या आवरणाला सूज येऊन किंवा रक्तात जंतू भिनून दगावतात, ती कोणाची मुले आहेत? हा प्रश्न समाजाने विचारला पाहिजे.

आधी थोडा इतिहास पाहू. लहान मुलांच्या जिवावर उठणारे दोन मोठे जिवाणू म्हणजे हिब आणि न्यूमोकोकस. या जिवाणूंवर साखरेसारख्या पदार्थाचे कवच असते. दोन वर्षांखालील बाळाच्या शरीराला ते कवच ओळखता येत नाही. शास्त्रज्ञांनी या कवचाचा अंश एका प्रथिनाला जोडला आणि बाळाच्या शरीराला शत्रूची ओळख पटू लागली. अमेरिकेत हिबमुळे दरवर्षी सुमारे २० हजार मुले गंभीर आजारी पडत होती. १९९० पासून तान्ह्या बाळांना ही लस मिळू लागली आणि हे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटले.

आणि आपल्याकडे? हिबचा समावेश असलेली पेंटाव्हॅलेंट लस सरकारी कार्यक्रमात आली ती डिसेंबर २०११ मध्ये, तीही केवळ केरळ व तामिळनाडूत. देशभर पोहोचायला २०१५ उजाडले. न्यूमोकोकसची लस अमेरिकेत २००० साली आली. आपल्या सरकारी कार्यक्रमात ती २०१७ साली मोजक्या राज्यांत आणि २०२१ साली देशभर आली. म्हणजे तब्बल २१ वर्षांचे अंतर! मधल्या काळात हीच लस खासगी दवाखान्यात एका डोसला काही हजार रुपये मोजणाऱ्यास मिळत होती. एकाच शहरात, एकाच दिवशी जन्मलेल्या दोन बाळांपैकी एकाला संरक्षण मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाही. जंतूने जात पाहिली नाही. लसीने मात्र खिसा पाहिला. आणि या देशात खिशाचा इतिहास जातीपासून वेगळा कधी होता?

लस महाग होती, आपल्या देशात या रोगाचे प्रमाण किती हे नक्की ठाऊक नव्हते, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. या वादात प्रामाणिक डॉक्टरही होते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु प्रमाण ठाऊक नसेल तर ते शोधणे कोणाचे काम? ज्यांची मुले रुग्णालयाच्या पायरीपर्यंतही पोहोचली नाहीत, त्यांचे मरण कोणत्या नोंदवहीत सापडणार होते?

आता लस मोफत आहे. मग प्रश्न मिटला काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये १२ ते २३ महिन्यांच्या ६२ टक्के मुलांचे मूलभूत लसीकरण पूर्ण होते. २०१९-२१ मध्ये ते ७६ टक्के झाले. प्रगती आहेच, पण याचा अर्थ चारातले एक मूल अपुरेच राहिले. शिवाय त्या मोजणीत न्यूमोकोकसची लस धरलेलीच नव्हती.

हे चौथे मूल कोठे आहे? बीड जिल्ह्यातून कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड मजुराच्या कोपीत पाहा. दिवाळीच्या सुमारास फडावर जन्मलेल्या बाळाला पेंटाव्हॅलेंट लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात हवी. न्यूमोकोकसची सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात हवी. पण घराण्याची नोंद बीडच्या गावात आणि बाळ कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकाच्या फडावर! गावची नर्सबाई ‘स्थलांतरित’ असा शेरा मारते, फडावरच्या नर्सबाईच्या यादीत नावच नसते. आईने एक दिवस आरोग्य केंद्र गाठायचे म्हटले तर मुकादम खाडा धरतो. मग ही लस मोफत कशी? जिच्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, तिची किंमत मजूर आईच मोजत असते. वीटभट्टीवर आणि शहरातल्या झोपडपट्टीत याहून वेगळे चित्र नाही.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘लस दिली आहे, आता काही होत नाही’ हा समज घातक आहे. न्यूमोकोकसचे सुमारे शंभर प्रकार आहेत. लस त्यांतील काहींवरच चालते. नवजात बाळाच्या रक्तात शिरणाऱ्या कित्येक जंतूंवर लसच नाही आणि त्यांतील अनेक नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून बाळाचा श्वास मोजायला प्रत्येक घराने शिकावे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६०, एक वर्षाखालील बाळाचे ५०, पाच वर्षांखालील मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, छाती आत ओढली गेली, बाळ अंगावर पिईना, झटके आले, मान ताठ झाली किंवा टाळू फुगली, तर सकाळची वाट पाहू नका. दोन महिन्यांखालील बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगारा-धुपारा नको आणि गल्लीतल्या बनावट डॉक्टरची सुईही नको.

रुग्णालय गाठल्यावर पुढे काय होते, हाही आमच्या अनुभवाचा विषय आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. ती १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आली होती. बाळंतीण पत्नीला न्यूमोनिया झाला. डॉक्टर वस्तीत येईना. तिला वस्तीबाहेर आणल्यावर त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने पतीच्या आणि पतीने तिच्या. औषध दिले, पण पुन्हा पाहायला यायला नकार दिला. ती माऊली गेली.

आज थर्मामीटर थेट हातात येते. पण ‘बेड नाही, वर न्या’ हे वाक्य कोण ऐकतो? पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या शेतमजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी असेच परत पाठवले होते. तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाची सबब राज्याला चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ठणकावले. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे अनुच्छेद ४७ सांगतो. दलित-आदिवासींना रुग्णालयात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून रोखणे हा अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वापरल्याशिवाय चालत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुतळा आणि मोर्चा यांबरोबर हेही काम हाती घ्यावे. पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या प्रत्येक आईचे माता-बाल संरक्षण कार्ड तपासावे. राहिलेला डोस कोणता, हे आशाताईला विचारावे; तिच्याशी भांडू नये, तिला साथ द्यावी. आपल्या आरोग्य केंद्रात न्यूमोकोकसचा तिसरा डोस किती बाळांना मिळाला, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावे. फडावर, वीटभट्टीवर, संध्याकाळी काम सुटल्यावर लसीकरण सत्र घ्या, अशी लेखी मागणी करावी. आणि लसीविषयी अफवा पसरवणाऱ्याला पुरावा मागावा. तपासल्याशिवाय मानू नका, हे तर आपल्याला तथागतांनीच शिकवले आहे.

लस २१ वर्षे उशिरा आली. आता कारखान्याच्या फाटकापासून फडावरच्या कोपीपर्यंतचे अंतर कापायला आणखी २१ वर्षे लागली, तर तो दोष एकट्या शासनाचा राहणार नाही.

जयभीम!