डोळ्यांत तेल घालून

जून महिन्यात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सेतू केंद्रात डोकावावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी लागलेली रांग दाराबाहेर गेलेली असते आणि संगणकावरचा मुलगा सकाळपासून नावे, आडनावे, आधार क्रमांक भरत असतो. मॉनिटर सीपीयूच्या खोक्यावर चढवलेला, म्हणून मान वर. मागच्या खिडकीतला उजेड थेट काचेवर. टेबल फॅन मात्र अगदी तोंडावर, कारण उकाडा असतो. दुपारनंतर तो तळहातांनी डोळे चोळू लागतो. तेवढ्यात रांगेतून आवाज येतो, "नीट बघून टाका हो, नावात चूक नको."

डोळ्यांत तेल घालून काम करावे, ही आपल्याकडची जुनी अपेक्षा. गंमत अशी, की ते तेल डोळ्यांपाशी मुळातच असते. पापण्यांच्या कडेला बारीक तैलग्रंथींची रांग असते. पापणी पूर्ण मिटली की त्यांतला स्निग्ध अंश अश्रूंच्या थरावर पसरतो आणि त्याखालचे पाणी चटकन उडून जात नाही. माणूस एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापण्यांची उघडझाप करतो. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यातही कित्येकदा पापणी अर्धीच मिटते. म्हणजे टक लावून काम करणाऱ्याच्याच डोळ्यांतले तेल कमी पडते! मग डोळे चुरचुरतात, लाल होतात, आणि कोरड्या डोळ्यांतून पाणी गळू लागले की माणूस आणखी गोंधळतो.

खोक्यावरच्या मॉनिटरचा दोष इथेच. वर पाहताना पापण्या जास्त उघडतात, डोळ्याचा जास्त भाग हवेवर राहतो आणि पंखा तो वाळवत बसतो. खोके खाली ठेवावे. पडद्याची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि पडदा हातभर लांब असावा. पंख्याचे तोंड वळवावे, टेबल खिडकीशी काटकोनात फिरवावे. खर्च शून्य, आणि बहुधा म्हणूनच हे कोणी करत नाही.

चाळिशीनंतरचे दुखणे वेगळे. मराठीने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द ठेवला, पण हा शब्द पुस्तकांच्या जमान्यातला आहे. वाचायचा नंबर हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी काढलेला असतो. मॉनिटर त्याहून लांब. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या तळाशी असतो, म्हणून कार्यालयातले काका हनुवटी वर करून पडदा वाचतात आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. नंबर काढायला जाताना पडद्यापासूनचे अंतर टेपने मोजून नेले आणि सांगितले, तर बराच त्रास वाचतो.

दुकानात मात्र वेगळेच गळ्यात पडते: निळा प्रकाश अडवणारी काच. 2023 साली कॉक्रेन या संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा कमी करण्यात अशा चष्म्यांचा साध्या चष्म्यांहून वेगळा फायदा, निदान थोड्या काळात तरी, दिसला नाही. यात नवल नाही. थकवा येतो तो न मिटलेल्या पापण्यांमुळे आणि तासन्‌तास जवळच्याच अंतरावर नजर धरून ठेवणाऱ्या स्नायूंमुळे. काचेवरच्या लेपाने ना पापणी मिटते, ना स्नायू सैलावतो.

त्या स्नायूंना हवी लांबची नजर. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद पाहावे, हे सूत्र कॅलिफोर्नियातले दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी लोकप्रिय केले. आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत, त्यांची पूजा करण्याचे कारण नाही. कल्पना तर फारच जुनी. इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ छापला. अतिसूक्ष्म काम करणाऱ्या कारागिरांनी मधूनमधून नजर कामावरून उचलून दुसरीकडे वळवावी, असे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

सल्ला तीनशे वर्षांचा असूनही पाळला जात नाही, याचा दोष आपण लगेच कामगारावर टाकतो. पण नजर उचलण्याची मुभा त्याला असते का? युरोपीय समुदायाने 1990 साली पडद्यावरच्या कामासाठी नियम केले. कामाची आखणीच अशी करायची, की पडद्यापासून अधूनमधून सुटका मिळेल. डोळ्यांची तपासणी आणि गरज पडल्यास त्या कामापुरता खास चष्मा, यांचा खर्च कामगाराच्या माथी नाही. ही जबाबदारी मालकाची. आपल्याकडे हिंजवडीच्या कंपनीत आरोग्य सप्ताहाला नेत्रतपासणी शिबिर भरते, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी जागेवरून उठलेल्या मिनिटांचा हिशेब पुन्हा सुरू होतो. आठवड्याच्या शिबिरापेक्षा तासाला पाच मिनिटे बिनहिशेबी दिली, तर डोळ्यांवर जास्त उपकार होतील.

सेतू केंद्रातल्या मुलाला तर शिबिरही नाही. केंद्राची कमाई दाखल्यांच्या संख्येवर, आणि रांग समोर उभी. त्याची नजर पडद्यावरून उठते ती सर्व्हर डाउन झाल्यावरच. तेव्हा तो खुर्ची मागे सरकवतो, दाराशी येतो, रस्त्यापलीकडच्या वडाकडे पाहत चहा घेतो. रांग तोवर सर्व्हरला शिव्या घालत असते.