पाहुणे हवेत, गाऱ्हाणी नकोत!

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपूरच्या नागरिकांच्या मनात अभिमान आणि धास्ती एकदमच जागी होते. राज्याचे सरकार आपल्या शहरात मुक्कामाला येणार याचा अभिमान. आणि त्या सरकारच्या पाठोपाठ गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसे निवेदने घेऊन आपल्या रस्त्यांवर उतरणार याची धास्ती. सीताबर्डीवरचा व्यापारी दिवसाचा धंदा बुडाला असे धरून चालतो. धंतोलीतल्या इस्पितळात रोग्याला न्यायचे असेल तर कोणता चौक मोकळा सापडेल याची चौकशी आदल्या रात्रीच करावी लागते. शाळेची गाडी दोन तास उशिरा आली म्हणजे घरातल्या माणसांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांस सांगावयास नको. हा त्रास कल्पित आहे किंवा तो निमूटपणे सोसावा, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु त्या त्रासातून जी मागणी आता सुशिक्षित वर्गात उघडपणे बोलली जाऊ लागली आहे, ती आम्हांस मान्य नाही. मोर्चे शहराबाहेर न्यावेत, एखादे दूरचे मैदान नेमून द्यावे आणि तेथे ज्याला हव्या तितक्या घोषणा त्याने द्याव्यात, अशी ही मागणी आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात शासनाने ठराविक काळ नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन येथे भरावे, असे ठरले. या कराराच्या प्रतींची होळी करणारे लोकही याच शहरात आहेत, आणि तो पुरता पाळला गेला नाही हे त्यांचे म्हणणे निराधार नाही. तथापि ते कलम कशासाठी होते? राज्यकर्ते मुंबईस बसणार, मग मेळघाटातल्या किंवा सिरोंच्याच्या माणसाने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. मंत्र्यांनी हुरड्याचा आस्वाद घेऊन परत जावे एवढ्यासाठी ते कोणी लिहिले नव्हते. अधिवेशन हवे, पण ज्यांच्यासाठी ते येथे येते ती माणसे नकोत, असे म्हणणारा नागपूरकर स्वतःच्याच हक्काचे मूळ तोडीत आहे.

शिवाय जागा बदलल्याने असंतोष निवत नाही, याचा अनुभव या शहराच्या पदरी आहे. १९०७ साली नागपूरला ठरलेले काँग्रेसचे अधिवेशन येथील जहाल-मवाळांच्या तंट्यापायी सुरतेस हलविण्यात आले. तंटा त्याबरोबर सुरतेस गेला. तेथे व्यासपीठावर जोडा आला आणि काँग्रेस दुभंगली. पुढे १९२० साली त्याच काँग्रेसचे चौदा हजारांवर प्रतिनिधी या शहरात जमले. अमेरिकेत २००४ साली बोस्टन येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी निदर्शकांसाठी कुंपण आणि जाळी घालून एक जागा राखून ठेवली होती. ती प्रत्यक्ष पाहून आलेल्या न्यायाधीशानेच ती मतस्वातंत्र्याचा उपमर्द असल्याचे म्हटले, जरी ती हटविण्याचा आदेश मात्र त्याने दिला नाही. निदर्शकांनी त्या पिंजऱ्याकडे बहुतांशी पाठ फिरविली.

आपल्याकडचा कायदाही एकांगी नाही. शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा अधिकार संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही त्याच अनुच्छेदात आहे. सार्वजनिक रस्त्यावरील सभांना सरसकट बंदी घालता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले. रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही, हे २०२० साली. काही तासांचा मोर्चा या दोहोंच्या मधल्या जागेत सहज बसतो.

आणि ते काही तास लांबतात कोणामुळे? मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघतो, ठरल्या जागी कठड्यापाशी अडविला जातो, आणि मग तेथेच बसून राहतो. कारण निवेदन घ्यावयास मंत्री येत नाही. मंत्री सभागृहात असतात, बैठकीत असतात, कधी जेवणावर असतात. लोक उठत नाहीत, म्हणून रस्ता उघडत नाही. मंत्र्यांच्या मोटारींच्या ताफ्यासाठी हेच चौक वरचेवर थांबविले जातात, त्याची तक्रार मात्र फारशी ऐकू येत नाही.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा मॉरिस कॉलेजजवळच्या तिठ्यावर असाच अडवून ठेवला होता. अनुसूचित जमातीत आपला समावेश व्हावा ही त्यांची मागणी. दिवस कलला तरी कोणी मंत्री त्यांच्यापुढे आला नाही. गर्दी हलली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. चौकशीसाठी दाणी आयोग नेमला गेला. त्याला दोषी कोणी सापडले नाही. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. त्या मागणीचे गुणदोष येथे तपासण्याचे कारण नाही. ती ऐकून घ्यावयास त्या सायंकाळी पाच मिनिटे चालत जाणारा एक मंत्री मिळाला नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. आज त्या हुतात्म्यांचे स्मारक शहराच्या मध्यभागी आहे आणि एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. मोर्च्यांमुळे गाडी अडली म्हणून कुरकुरणाऱ्यांपैकी कित्येकजण त्या पुलावरूनच घरी जातात.

मोर्च्यांच्या पुढाऱ्यांनाही आम्हांला चार शब्द सुनवावयाचे आहेत. लेकुरवाळ्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना कठड्याशी पुढे उभे करून आपण मागे व्यासपीठाच्या गाडीवर उभे राहणे हे शौर्य नव्हे. माणसे आणली तर त्यांच्या पाण्याची, भाकरीची आणि परतीची सोय लावणे हे त्यांचे काम आहे.

सरकारकडून मात्र नागरिकांनी, व्यापाऱ्यांनी आणि शाळांच्या चालकांनी एकत्र येऊन एकच गोष्ट मागावी. अधिवेशनाच्या प्रत्येक दिवशी निवेदने स्वीकारणाऱ्या मंत्र्याचे नाव आणि त्याची वेळ आदल्या दिवशी जाहीर व्हावी, आणि त्याने त्या वेळी मोर्च्यापाशी स्वतः चालत यावे. शिष्टमंडळाला आत बोलावून तिष्ठत ठेवू नये. निवेदनाचे लेखी उत्तर सरकार मुंबईस परतण्यापूर्वी मिळावे. रुग्णवाहिकेसाठी एक वाट कठड्यांच्या बाजूने मोकळी राखण्यास पोलिसांना काहीच अडचण पडू नये. बंद रस्त्यांची यादी पोलीस वृत्तपत्रांकडे पाठवितातच. मंत्र्यांच्या या वेळा तिच्याच शेजारी छापण्यास आम्ही जागा देऊ.