खाजणातला गुलाबी पाहुणा



मागच्या पंधरवड्यात खारबांधाची पाहणी करायला उरणकडे गेलो होतो. ओहोटी लागली होती. बांधापलीकडच्या चिखलात रोहित पक्ष्यांचा थवा चरत होता. यालाच कोणी अग्निपंख म्हणतात. काठीसारखे लांब पाय, बाकदार मान आणि अंगावर गुलाबी झाक. सोबतच्या शेतकऱ्याच्या नातीने विचारले, "काका, यांना हा रंग कुठून आला?"

याचे उत्तर आपल्या खुराड्यातच आहे. मका आणि हिरवा पाला खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातला बलक पिवळाधमक होतो, नुसत्या कण्यांवर वाढलेलीचा फिका. रोहिताचेही तसेच. त्याचे पिल्लू करडे असते. खाजणातले निळे-हिरवे शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव खाऊन दोन-तीन वर्षांत ते गुलाबी होते. भातखाचरात नत्रासाठी आपण जे शेवाळ सोडतो, त्याच्याच भाऊबंदांपैकी हे. चोच पाण्यात उलटी धरून, जिभेने पाणी आतबाहेर करीत रोहित आपले अन्न गाळून घेतो.

मग आजोबांनी मनातले काढले. "साहेब, बांध फुटल्यापासून हा तुकडा भरतीखाली आहे. भराव टाकायला एकजण मागतोय. देऊ का?"

मी म्हटले, "इथले पाणी हटवले तर ते शेजाऱ्याच्या बांधावर चढेल. निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी यांचे घर जाईल. शिवाय किनारा नियमनाच्या जमिनीत परवानगीवाचून भराव टाकणे बेकायदा आहे."

नेरूळच्या एका तळ्याचे उदाहरणही दिले. तिथे भरतीच्या पाण्याची वाट अडली. 2024 साली तिथे काही रोहित मेले. उलट, शेजारच्या ठाणे खाडीत 2015 साली रोहितांसाठी अभयारण्य झाले, आणि 2022 साली तिला रामसर पाणथळीचा मान मिळाला. हिवाळ्यात तिथे हजारोंनी रोहित उतरतात.

खारपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. बांध आणि उघाडीची झडप पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावी, म्हणजे खारे पाणी भातात शिरणार नाही. बांधाबाहेर भरतीची वाट मोकळी ठेवावी. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे खाडीत किंवा नाल्यात कधीही धुऊ नयेत.

आजोबांनी लगेच होकार दिला नाही. "घरात विचारतो," म्हणाले. नात मात्र बांधावर बसून पक्षी मोजत होती.