वन्यप्राण्यांच्या वाटेवरील महामार्ग
वर्धा जिल्ह्यातील बोर प्रकल्पाचा प्रसिद्ध वाघ 'बाजीराव' डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत मृत्युमुखी पडला. २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या बोरचे गाभा क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरचे. तरुण वाघांनी नव्या क्षेत्राच्या शोधात बाहेर पडणे अपरिहार्यच. रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवे आले, तर दुचाकीस्वाराच्याही जिवावर बेतते. केवळ इशाऱ्याचे फलक लावून हा प्रश्न सुटणारा नाही. पेंचलगतच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर उन्नत मार्गाखालून वाघांसह अनेक प्राणी ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी सिद्ध केले आहे. बोरभोवतीच्या जुन्या रस्त्यांनाही हाच न्याय लावावा. अन्यथा वाघाचे संरक्षण प्रकल्पाच्या सीमेवरच संपेल.